८८ सेंट दाखवून ६८ ला विकल्याबद्दल तक्रार (दुसरे पत्र)

दि. ५ एप्रिल २०२५
पाम कोस्ट, फ्लोरिडा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : फ्लोरिडा सहावा मतदारसंघ पोटनिवडणूक, ३१ मार्चच्या रात्रीची विक्री आणि १०६ डॉलर ४५ सेंटचा परतावा

महोदय,

‘आपल्या भाषेत लिहा’ असं निवडणुकीच्या निकालावर करार घेता-विकता येणाऱ्या तुमच्या ॲपच्या मदतीच्या पानावर आहे, म्हणून मराठीत लिहिते आहे. पैशाचं बोलणं मला मराठीतच नेमकं जमतं.

१ एप्रिलला आमच्या मतदारसंघात अमेरिकी प्रतिनिधीगृहाची पोटनिवडणूक झाली. माइक वॉल्ट्झ राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार झाल्यामुळे ही जागा रिकामी झाली होती. इथे रिपब्लिकन पक्षाने दगड उभा केला तरी निवडून येतो, असं मी १४ वर्षं बघते आहे. वॉल्ट्झ यांच्या आधी इथून रॉन डिसँटिस निवडून जात होते आणि नोव्हेंबरमध्ये ट्रम्प इथे ३० टक्क्यांनी पुढे होते. म्हणून मार्चच्या सुरुवातीला मी रिपब्लिकन उमेदवार रँडी फाइन जिंकतील या बाजूचे ६०० करार (ते जिंकले तर प्रत्येकी एक डॉलर, हरले तर काही नाही) प्रत्येकी ९३ सेंटला घेतले. एकूण ५५८ डॉलर गेले. जिंकल्यावर ६०० मिळणार, म्हणजे फायदा ४२ डॉलरचा, तोही शुल्क जाण्याआधी. मला झटपट श्रीमंत व्हायचं नव्हतं. ही बँकेतल्या ठेवीसारखी गोष्ट आहे असं तुमच्या जाहिरातीवरून वाटलं, आणि गेल्या वर्षी न्यायालयाने अशा करारांना वाट मोकळी करून दिल्यामुळे भीतीही नव्हती.

मग मार्चअखेर वातावरण फिरलं. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉश वाइल यांनी सुमारे एक कोटी डॉलर जमवले, फाइन यांच्याकडे त्या मानाने फारच थोडे होते. एका पाहणीत फरक चार टक्क्यांवर आला. ३० तारखेला पाडव्याला आम्ही ऑरलँडोला जेवायला गेलो होतो, तिथे श्रीखंडाच्या वाट्या हातात घेऊन सगळे हेच बोलत होते. ३१ तारखेला दिवसभरात तुमच्या ॲपने मला सात सूचना पाठवल्या. शेवटची रात्री ९ वाजून ३२ मिनिटांनी आली : ‘सहाव्यात उलटफेर? आत्ताच निर्णय घ्या.’

मी घाबरले. हे म्हणाले, उद्यापर्यंत थांब. मी थांबले नाही, ती चूक माझी आहे आणि तिचे पैसे मी तुमच्याकडे मागत नाही.

माझी तक्रार त्यानंतरच्या एका मिनिटाची आहे. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ८८ होतं. ‘आता विका’ दाबलं तेव्हा खाली आलं : ६०० करार, अंदाजे मिळणारी रक्कम ५२८ डॉलर. मी ‘होय’ म्हटलं. ९ वाजून ४७ मिनिटांनी पावती आली. ४० करार ८७ ला, ११० करार ८१ ला आणि उरलेले ४५० करार ६८ ला गेले होते. मिळाले ४२९ डॉलर ९० सेंट, त्यातून शुल्क ८ डॉलर ३५ सेंट. हातात आले ४२१ डॉलर ५५ सेंट. पाच मिनिटांनी पडद्यावर पुन्हा ८८ होतं.

म्हणजे ८८ हा आधीच्या कुठल्या तरी सौद्याचा भाव होता. माझ्या ६०० करारांना त्या भावाने गिऱ्हाईक नव्हतंच. अशा हक्काच्या जागेवर हे होणारच : सगळे एकाच बाजूला बसलेले, विकायची वेळ आली की समोर घेणारा कोणी नाही. हे मला आज कळतं. तुम्हाला ते त्या रात्रीही माहीत होतं, कारण कोण किती घ्यायला तयार आहे ती यादी तुमच्याकडेच असते. ती यादी बघून ‘४३० डॉलर मिळतील’ असं तुमच्या यंत्राला सांगता आलं असतं, तरी त्याने ५२८ सांगितलं.

२ एप्रिलला तुमचं उत्तर आलं : ‘विक्री उपलब्ध भावाला पूर्ण होते.’ माझा प्रश्न तो नव्हताच. उपलब्ध नसलेला भाव मला दाखवला का, हे मी विचारलं होतं.

मी जळगावची. वडिलांच्या किराणा दुकानाशेजारी इलेक्शनच्या दिवसांत सट्ट्याचे भाव निघायचे. वडिलांना ते भाव काढणाऱ्या माणसाचा राग होता, पण एक गोष्ट तेही कबूल करत : त्याने तोंडातून भाव काढला की तो बदलत नसे, मग तोटा त्याचा होवो. तो बेकायदा होता. तुम्ही सरकारी नियामकाच्या परवानगीने बसला आहात. तुमच्याकडून मी त्याच्यापेक्षा कमी का अपेक्षावं?

१ तारखेला मतदान संपल्यावर तासाभरात निकाल कळला. फाइन १४ टक्क्यांनी जिंकले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी शपथ घेतली. मी ६०० डॉलर मागत नाही. तुम्ही स्वतः लिहून दाखवलेले ५२८ आणि मला मिळालेले ४२१.५५ यांतला फरक, १०६ डॉलर ४५ सेंट, एवढंच मागते आहे. शिवाय ते ४५० करार ६८ ला कोणी घेतले, तुमच्याच एखाद्या सहयोगी कंपनीने का, याचं हो किंवा नाही असं लेखी उत्तर हवं आहे. आणि ‘आता विका’च्या बटणाशेजारी खरे घेणारे किती व कोणत्या भावाला आहेत ते दिसू द्या. माझ्यासारखी माणसं फोनच्या पडद्यावर जे लिहिलं आहे तेवढंच वाचून पैसे लावतात.

२० एप्रिलपर्यंत उत्तर आलं नाही तर हीच कागदपत्रं मी कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशनकडे, म्हणजे त्याच सरकारी नियामकाकडे पाठवीन.

आपली,
एक ग्राहक

सोबत : विक्रीआधीच्या पडद्याचं छायाचित्र, पावती, ३१ मार्चच्या सात सूचना, आपलं २ एप्रिलचं उत्तर