खंबाटकीच्या माथ्यावर अंगात काय असावं

वाई,
कोजागरी पौर्णिमा

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

दिवाळीला पुण्याहून एस.टी.ऐवजी सायकलने येणार असं कळवलंस, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी मोजकंच बोलतेय. हे खूळ माझ्याकडून तुझ्यात आलं, असं तिचं म्हणणं. ते खरंच आहे, म्हणून गप्प आहे. पण तू पाठवलेली सामानाची यादी वाचली आणि लिहायला बसलो, कारण फोनवर तू नुसतं 'हो बाबा, हो बाबा' करतेस.

यादीत दोन स्वेटर आहेत. कशाला? पहाटे पाचला पुण्यात 17-18 अंश असतील, पण कात्रज चढायला लागलीस की दहा मिनिटांत घामाने निथळशील. शिरवळला नीरेच्या पुलावर येईपर्यंत ऊन चढलेलं, दुपारी 31-32 अंश. घरून निघताना अंगावर थोडा काटा यायलाच हवा. दारातच उबदार वाटलं तर एक कपडा जास्त झाला समज.

अंगालगत सुती बनियन अजिबात नको. सूत घाम पितं आणि धरून बसतं. ओल्या कापडातून अंगातली ऊब कोरड्यापेक्षा कितीतरी भराभर जाते. तुझा तो ड्रायफिटचा पातळ बिनबाह्यांचा बनियन घाल, त्यावर जर्सी, पुढची चेन पूर्ण उघडणारी. हाताला सुट्या बाह्या मिळतात, त्या मनगटापर्यंत खाली सरकवता येतात, उतरायलाही लागत नाही. यावर वाऱ्यापुरतं एक पातळ बिनबाह्यांचं जाकीट, जर्सीच्या मागच्या खिशात मुठीएवढं होऊन बसणारं. लोकर परवडत असेल तर बनियन मेरिनोचा घे. लोकर भिजली तरी सगळी ऊब सोडत नाही. धनगर भर पावसात घोंगडी पांघरून उभा राहतो तो काही हौस म्हणून नाही. (आपली घोंगडी मात्र आणू नकोस. टोचते.)

आता खरं सांगायचं ते. चढताना चेन उघड, बाह्या खाली कर. आणि खंबाटकी घाटाच्या माथ्यावर आलीस की उतार सुरू होण्याआधी थांबून जाकीट चढव, चेन गळ्यापर्यंत ओढ. तेव्हा उकडत असेल, मूर्खपणा वाटेल, तरी घाल. उतारावर पाय चालत नाहीत, म्हणजे आतली शेगडी बंद; वर चाळिसाच्या वेगाचा वारा आणि अंगावर घामाचा ओला कपडा. थंडी वाजायला लागल्यावर थांबू म्हणशील, तर तोवर बोटं गेलेली असतात.

मला हे पसरणीच्या घाटाने शिकवलं. 1986 सालची गोष्ट. अर्धा घाट सायकल ढकलत पाचगणीला गेलो होतो, अंगात सुती बनियन आणि टेरिकॉटचा शर्ट, दोन्ही पिळून काढावेत असे. चहा प्यायलो, तेवढ्यात ढग उतरला. वाई 700 मीटरच्या आसपास आणि पाचगणी 1300 च्या घरात, म्हणजे एरवीच चारेक अंशांचा फरक, त्यात ढग. तसाच सुटलो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेक दाबायला गेलो, तर बोटं लाकडाची. दांडा दिसतोय, हात त्यावर आहे, पण दाबलाच जात नाही! शेवटी सायकल डोंगराकडच्या गटारात घातली. गुडघ्यावरचा तो व्रण, जो आईला मी क्रिकेटचा सांगतो, तो त्यातलाच. मागून भाजीचा टेम्पो आला. त्याने आधी दोन रद्दी पेपर दिले, शर्टाच्या आत छातीवर घालायला, आणि मग शिव्या. पेपरने वारा असा काही अडला की आजही माझ्या सायकलच्या पिशवीत एक जुना पेपर असतो. तूही ठेव, वजन नाही आणि पैसेही नाहीत.

म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे घे, पातळ चालतील. बाकी काही विसरलीस तरी चालेल.

परतीचा पाऊस राहिलाच. तो दुपारनंतर येतो, गडगडत येतो. जाड प्लास्टिकचा रेनकोट आतून घामाने तितकंच भिजवतो, शिवाय शिडासारखा फुगतो. काखेत हवेला जागा असलेलं, झगझगीत रंगाचं हलकं जॅकेट बघ. विजा चमकायला लागल्या तर कपड्यांचा विचार सोड, पक्क्या इमारतीत जाऊन बस, झाडाखाली नाही. कोरडा बनियन आणि मोज्यांचा एक जोड दुधाच्या पिशवीत बांधून ठेव. सुरूर फाट्याला वळलीस की तिथे बदल, वाईपर्यंतचा शेवटचा टप्पा सुखाचा जाईल.

खंबाटकीच्या माथ्यावरून मला फोन कर. पहिला प्रश्न जाकिटाचा विचारणार आहे. आईने फोन हिसकावून घेतला आणि स्वेटर घातलास का विचारलं, तर हो म्हण.

तुझा,
बाबा

ता. क. : व्रणाचं आईला सांगू नकोस.