आतलं दार

इंदूर, रविवार

चि. मन्यास अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच ठेवला. ताईला म्हटलं रेंज गेली. तिने विश्वास ठेवला नाही, पण विचारलंही नाही.

तू पाठवलेला नकाशा तिने मोठ्या कागदावर छापून आणलाय. उशाखाली असतो. सुरेख काढलायस रे. पलंग, खिडकी, वॉकर वळवायला जागा, कमोड 18 इंच उंच, बाथरूमचं दार बाहेर उघडणारं (म्हणजे मी आत पडले तर दार माझ्यावरच अडायला नको), इतकं सगळं तुला सुचलं. ताईच्या सासूबाईंना दाखवला तर म्हणाल्या, "आईसाठी गॅरेज रिकामं करतो, नशीबवान आहात." मला बरं वाटलं. रात्री मात्र त्या वाक्यातला गॅरेज हा एकच शब्द कानात राहिला. ते असो.

मला एकच म्हणायचंय, आणि फोनवरही तेच म्हणत होते. नकाशात दार फक्त बाहेरून आहे. जिन्याखालच्या भिंतीतून, जिथे बाबांनी सायकली टांगायचे हुक ठोकले होते, तिथून घरात यायला दार का नाही?

मी हे पाण्यासाठी म्हणतेय, दुसरं काही मनात आणू नकोस. 2024 ची गोकुळाष्टमी आठव. दुसऱ्या दिवशी आपल्या बडोद्याची विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली. आपण दोघं शटरला पोती लावत बसलो आणि पाणी आलं मागून, मोरीच्या जाळीतून, बुडबुडत, काळंकुट्ट. बाबांच्या कॅसेटचं खोकं तरंगत आलं आणि तू ते दोन्ही हातांनी उचललंस. लोकांच्या अंगणात मगरी निघाल्या त्या आठवड्यात. तेव्हा मी आपली आपण जिना चढून वर गेले. आता खुब्यात रॉड आहे. रात्री दोनला पाणी आलं तर मी गेटाकडून, गुडघाभर पाण्यातून, ओटल्याला वळसा घालून घरात शिरायचं का?

म्हणून मोरीच्या पाइपला उलटं पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह बसवून घे, कडिया (गवंडी) "जरूर नथी" म्हणेल तरी. गॅरेजची जमीन शटरकडे उतरती असते, तिच्यावर तशीच फरशी लावली तर पलंग डुगडुगेल. जिथे फियाट उभी असायची तिथे तेलाचे डाग आहेत, त्यावर फरशी धरत नाही, आधी टाचे मारून खरवडायला सांग. शटर पश्चिमेला आहे. तिथे नुसता पत्रा ठोकू नकोस, वीट लाव, नाहीतर मे महिन्यात माझी भाकरी होईल. आणि महापालिकेचा कागद झाला का? पार्किंगची खोली करताना...

पुरे. इंजिनिअर तू, आणि सिमेंट मी शिकवतेय. रागावू नकोस. इथे दिवसभर पडून छताकडे बघायचं, दुसरं काम काय आहे?

तू म्हणालास घराचं जोतं दोन फूट उंच आहे. खोलीची जमीन फूटभर उचलली तरी एक फूट उरतो, त्याला उतार करायचा तर 12 फूट लांबी लागते, तेवढी जागा जिन्याखाली नाही. कळलं मला. पण मग दोन पायऱ्या कर ना, कठडा लावून. इथे फिजिओथेरपीची मुलगी येते, ती रोज तीन चढवून घेते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पहिल्या दिवशी रडले, आता मीच मोठ्याने म्हणत चढते. सूनबाईला सांग, मी सारखी स्वयंपाकघरात येऊन बसणार नाही.

तू रुसलास की फियाटच्या मागच्या सीटवर जाऊन झोपायचास, आठवतं? गणिताचा पेपर फाडलास त्या दिवशी धो धो पाऊस होता. आतलं दार तेव्हाही नव्हतं. पदराखाली ताट घेऊन मी बाहेरून आले, तर वरणात पाणी पडलं, आणि तू म्हणालास, "आमटी झाली." बाबा हसले आणि त्यांनी गाडीतच तुझ्याबरोबर जेवायला घेतलं.

माईंचं, तुझ्या आजीचं, तुला फारसं आठवणार नाही. त्यांना आपण मागच्या अंगणातली खोली दिली होती. तेव्हाही सगळे म्हणाले, त्यांचं त्यांना स्वतंत्र, निवांत. उशाशी देवघरातली छोटी घंटा दिली होती, काही लागलं तर वाजवा म्हणून. मन्या, मला ती ऐकू यायची. दर वेळी ऐकू यायची. तव्यावर पोळी असायची, मी ती भाजायचे, मग पुढची लाटायचे, तीही भाजायचे आणि मग जायचे. कधी नुसतं पाणी हवं असायचं. कधी काहीच नको असायचं, विचारायच्या, आज भाजी काय केलीस. एकदा मी म्हटलं, माई, एवढ्यासाठी घंटा? त्यानंतर त्यांनी ती फारशी वाजवली नाही. हे मी तुझ्या बाबांनाही सांगितलेलं नाही.

तू तसा नाहीस, सूनबाईही नाही. पियूने फोनवर विचारलं, "आजी, तुझ्या खोलीत रात्री मी येऊ शकेन?" मी म्हटलं, बाबाला विचार.

पंधरा तारखेला टाके आणि एक्स-रे बघतील, मग ताई गाडीने सोडायला येते म्हणतेय. कडियाला घाई करू नकोस, ओली भिंत असेल तर मी आठ दिवस हॉलमध्ये दिवाणावर झोपेन. लसणाची शेव घेतलीय, पियूची वेगळी, कमी तिखट.

ताईने नकाशावर पेन्सिलीने दार काढून दिलंय, 3 फूट रुंद, सोबत फोटो पाठवते. तिथले सायकलींचे हुक निघतील ते टाकू नकोस, डब्यात ठेव.

तुझी,
आई