मशीन तिथंच राहू दे, तू ये

नागपूर,
18 नोव्हेंबर

प्रिय संज्या,

पत्र मिळालं. विनिपेगला जमीन गोठली, खुरपं टेकवलं तर ठणकन वाजून राहिलं म्हणतोस, म्हणजे मातीतली जुनी नाणी शोधत फिरायचा तुझा हंगाम आटोपला. आता मेटल डिटेक्टर एप्रिलपर्यंत कसा ठेवायचा हे मला विचारलंस ते बरं केलंस, कारण माझ्या दुकानात आत्ता पाय ठेवायला जागा नाही ती या मशीनांमुळेच. विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं हे 1953 च्या नागपूर करारात ठरलेलं, त्यामुळे डिसेंबर आला की गावभर बॅरिकेड आणि तपासण्या. वरून लग्नसराई, प्रदर्शनं. मग हॉलवाले, सिक्युरिटीवाले वर्षभर पडलेली हातातली डिटेक्टरं शोधून काढतात, बटण दाबतात, मशीन ढिम्म. की आले माझ्याकडे. "भाऊ, उद्या पाहिजे."

उघडून पाहिलं की दहातल्या बहुतेकांत दुखणं एकच. सेल आतच राहिलेले. काल एक आलं त्यात पेन्सिल सेल खाचेला असा चिकटला होता की स्क्रूड्रायव्हरनं उचकटावा लागला, आणि सेलसोबत स्प्रिंगही तुटून आली. खाली पांढरी पापडी, तिच्या कडेला तांब्याचा हिरवा रंग. अल्कलाइन सेल आतून संपत गेला की त्यात गॅस धरतो, सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरतं. तेच हवेत सुकून ती पापडी होते. थांबली तर ठीक, पण कधीकधी ते वायरीच्या तांब्यावरून सरकत सर्किटच्या पट्टीपर्यंत जातं, मग स्प्रिंग बदलून भागत नाही. मशीन बंद आहे म्हणून सेल सुरक्षित, असं डोक्यातून काढ. तुझ्या मशीनमधले चारही सेल आज, हे पत्र वाचून झाल्यावर, बाहेर काढ. हेडफोनचे आणि खड्ड्यात नेमकी जागा शोधायच्या त्या छोट्या पिनपॉइंटरची चौकोनी 9 व्होल्टची बॅटरीसुद्धा. पापडी दिसलीच तर कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पूस, ते क्षार आहे, आम्लानं निघतं. मग आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, पुसून कोरडं कर. हातात ग्लोव्ह घाल.

पुढे रिचार्जवालं मशीन घेतलंस तर नियम वेगळा. लिथियम बॅटरी फुल्ल करून ठेवायची नाही आणि रिकामी तर मुळीच नाही. निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवायचा, दोनतीन महिन्यांनी एकदा पाहायचं. आणि गारठलेली बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही. शून्याखाली चार्ज केली तर आत धातूरूप लिथियम साचतं, ते नुकसान भरून येत नाही.

आता कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची ती थाळी. तिच्या खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून पाहिलंस का कधी? तिकडची रेड रिव्हरची माती आपल्या काळ्या मातीसारखीच चिकट, तूच मागे लिहिलं होतंस. ती कव्हर आणि कॉइलच्या मधे जाऊन बसते. त्या मातीत लोहाचे कण असले की मशीन उगाच टिवटिवतं आणि माणूस बिचारा जमीन उकरत बसतो. कव्हर काढ, साध्या पाण्यानं धू. थिनर, पेट्रोल असलं काही लावू नको. कंट्रोल बॉक्स मात्र नळाखाली नेऊ नको, तुझ्या मॉडेलची कॉइलच फक्त पाण्यात चालते. तो ओल्या फडक्यानं पूस. दांड्याचे जोड सुटे कर, आतली रेती झटक, तेल घालू नको, रेती तेलालाच धरते. केबल सैल गुंडाळ. कॉइलवर वजन ठेवू नको. आतली पाठवणारी आणि घेणारी अशी दोन वेटोळी एकमेकांशी तोलून बसवलेली असतात. त्यांची जागा जरा सरकली की तोल बिघडतो, आणि तो माझ्यासारख्याला घरी बसून लावता येत नाही.

थंडीची मात्र तू उगाच धास्ती घेतलीस. नुसत्या थंडीनं मशीन मरत नाही, डिस्प्ले तेवढा मंदावतो. मारते ती ओल. बाहेरून घरात शिरल्या शिरल्या चष्म्यावर धुकं धरतं ना, तेच पाणी मशीनच्या आत सर्किटवर धरतं. म्हणून उशिराच्या थंडीत एखाद दिवस बाहेर नेलंसच तर पिशवीची चेन लावूनच घरात आण आणि मशीन खोलीइतकं गरम होईपर्यंत ती उघडू नको. गॅरेजमध्येही ठेवू नको. तिथं पारा वरखाली होत राहतो, आणि उंदरांना केबलचं रबर फार आवडतं. घरातलं कपाट बघ, हीटरच्या वाऱ्यापासून दूर. कापडी पिशवी, आत सिलिका जेलच्या पुड्या, बस.

आमच्याकडे 2018 च्या डिसेंबरात पारा 3.5 वर गेला तर लोक अजून सांगतात. नागपुरात मशीन खराब होतात मे महिन्यात. लोक ती माळ्यावर टाकतात, वर स्लॅब तापून भट्टी. शहाणा कोणी खाली आणून ठेवतो तर नेमका कूलरसमोर! दिवसभर खसची ओली हवा खाऊन सर्किट हिरवं पडतं. मग पावसाळा आहेच.

राहिली तुझी दुसरी गोष्ट. जानेवारीत येताना मशीन घेऊन येतो, नागपूरजवळच्या जुनापाणीला फिरवू म्हणतोस. नाही बे. तिथली शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन लोकांच्या दफनांभोवतीची दगडांची वर्तुळं, संरक्षित आहेत. विदर्भातल्या अशा वर्तुळांत लोखंडी हत्यारं, घोड्यांचे तांब्याचे साज मिळालेत, आणि कोणती वस्तू कशाजवळ, किती खोल होती यावरूनच अभ्यासकांना ते लोक कळतात. आपण बीप आला म्हणून खड्डा मारायचा आणि खिशात घालायचं, हे मला पटत नाही. शेतात फिरवू म्हणशील तर 1878 चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तरी कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. सुट्टीतला अर्धा वेळ तू सिव्हिल लाइन्सला अर्ज घेऊन उभा राहणार काय?

त्यापेक्षा मोकळ्या हातानं ये. मामांच्या शेतात संत्री तोडायला चाललीत, जानेवारीत हुरडाही असेल. मामांनी विचारलं, संज्याला तिकडे सोनं सापडलं का. मी म्हटलं, बाटल्यांची झाकणं सापडतात आणि कधीमधी चांदीचं नाणं. तर म्हणाले, झाकणं किती किलो जमली?

तिकिटाची तारीख कळव.

तुझा,
पम्या