सूचना : बारावीचा निरोप समारंभ आणि शेलापागोटे

मुलांनो, निरोप समारंभ शनिवारी सकाळी ११ वाजता आहे. शेलापागोट्यांच्या, म्हणजे एकमेकांवर गमतीने लिहिलेल्या ओळींच्या, चिठ्ठ्या गुरुवारपर्यंत स्टाफरूमबाहेरच्या डब्यात टाका. भाकीत २० वर्षांनंतरचं लिहा. आत्तापर्यंत आलेलं मला सगळ्यात आवडलेलं : "हा तहसीलदार होईल आणि स्वतःच्याच कार्यालयात उशिरा येईल." दुसरं, लातूरला नीटच्या (डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या) शिकवणीला निघालेल्या मुलीसाठी : "पेशंटला आधी चार पर्याय देईल, मग औषध." असंच हवं. ज्याच्या नावाने चिठ्ठी निघाली, तो सगळ्यांत आधी हसला पाहिजे.

रंग, जात, अंगकाठी, मार्क आणि आईवडिलांचं काम यावर एकही ओळ नको. प्रत्येक चिठ्ठी मी आधी वाचणार आहे. मुलामुलींच्या जोड्या लावणाऱ्या चिठ्ठ्या सरळ फाडेन. त्यापायी एखाद्या मुलीचं शिक्षण थांबू शकतं.

आपल्यापैकी काहींचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत, ते अजून कारखान्यावरच आहेत. त्यांच्यासाठी कार्यक्रमाचा व्हिडिओ काढू आणि त्याच संध्याकाळी पाठवू, म्हणजे कोपीवर (तिथल्या झोपडीवर) बसून त्यांनाही लेकरांचं कौतुक पाहता येईल. ज्याचा मोबाइल चांगला चालतो त्याने मला आजच सांगा.

हॉलतिकीटही शनिवारीच मिळेल. कोणी गैरहजर राहू नका रे.

— वर्गशिक्षिका