धडगावच्या नव्या खजिनदारास

प्रिय मित्रा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

धडगावच्या मिशनच्या कामाचं खजिनदारपद तुझ्या गळ्यात पडलं हे कळलं. अभिनंदन करू की सांत्वन, ते तूच ठरव. पण पत्रात पहिलाच प्रश्न काय विचारलास, तर 'मोठी देणगी देणारं कुणी माहीत आहे का?' आधी तू मला सांग, तुमच्या मंडळ्यांतून, म्हणजे गावोगावच्या चर्चमधून, वर्षाला किती येतं आणि कोणत्या महिन्यांत येतं? हा आकडा हातात येईपर्यंत बाहेरच्या पैशाच्या मागे लागू नकोस.

महिन्याचं मुद्दाम विचारतोय. सुवार्तिकांना, म्हणजे आपल्या प्रचारकांना, मानधन बारा महिने द्यायचं असतं, पण आपल्या लोकांच्या हाती पैसा हंगामात येतो. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे ऊसतोडीला निघतात, कुणी गुजरातेत मजुरीला जातात, ते थेट होळीच्या सुमारास परततात. तेवढे दिवस रविवारची थैली फिरते, पण हलकीच परत येते. याउलट मका-ज्वारी घरात आली की पहिल्या पिकाच्या अर्पणाला पोती, कोंबड्या, भोपळे येतात, लिलावात बोली चढते आणि एका दिवसात कित्येक रविवारांची भरपाई होते. नेमक्या त्याच आठवड्यात कमिटीला नवा माईक घ्यावासा वाटतो! तू खंबीर राहा. निदान तीन महिन्यांचं मानधन वेगळ्या खात्यात पडलंच पाहिजे. 'देव पुरवील, साठवता कशाला?' असं कुणीतरी म्हणणारच. त्याला लूक १४:२८ उघडून दे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यायला प्रभूनेच सांगितलंय.

एकरकमी दानाचं तर विचारूच नकोस. कुणी तुम्हाला जीप देऊ केलीय म्हणतोस. छान. पण सातपुड्यातल्या त्या रस्त्यांवर टायर किती टिकतात हे तुला मी सांगायला नको. वर डिझेल, विमा, चालकाचा पगार. दात्याला नम्रपणे विचार, पुढची तीन वर्षं गाडी चालवायचा खर्चही द्याल का? नसेल, तर दोन जुन्या मोटारसायकली मागून घे. काहीजणांना राग येईल, कारण जीप उभी राहिली की मिशन मोठं दिसतं.

परदेशी पैशाबाबत मी जास्तच कडक आहे. 'आमच्या एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याखालच्या) खात्यात घेऊ आणि तुमच्याकडे वळवू' असं कोणत्याही संस्थेने म्हटलं तरी हात जोड. २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. स्वतःची नोंदणी असली तरी पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात उतरतो, प्रशासनावर त्यातला २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही (पूर्वी ही मर्यादा ५० होती), आणि दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत एफसी-४ हा वार्षिक हिशेबाचा फॉर्म भरावा लागतो. नोंदणी पाचच वर्षांची असते. नूतनीकरण अडकलं तर उद्या सुवार्तिकाच्या घरी चूल कशावर पेटणार? म्हणून मानधन त्या पैशावर कधीच टाकू नये. विहीर, छप्पर, असं एकदाच होणारं काम त्यातून करावं.

हे काही माझं खूळ नाही. १९०५ साली बंगालमधल्या सेरामपूरला, पुढे बिशप झालेले व्ही. एस. अझरिया आणि त्यांच्या सोबत्यांनी नॅशनल मिशनरी सोसायटी काढली, तेव्हाच भारतीय माणसं, भारतीय पैसा आणि भारतीय कारभार हे ठरलं होतं. मिझोरामच्या बाया प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात, आणि त्यावर तिथलं मिशनचं काम मोठं झालं. आपल्याकडे मूठभर ज्वारी का नको? तुमच्या महिला मंडळाला एकदा विचार. मला वाटतं, पुरुषांच्या कमिटीपेक्षा त्या लवकर 'हो' म्हणतील.

आता तुझ्या स्वतःच्या बचावाचं. थैली दोघांनी मोजायची, तिथल्या तिथे आकडा लिहून दोघांनी सह्या करायच्या. पाळकसाहेबांनी मोजणीला बसू नये, त्यात त्यांचंच संरक्षण आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेलं दान न्यायला पौलानेही आणखी माणसं सोबत घेतली होती, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:२०). दर तिमाहीचा हिशेब उपासनेनंतर वाचून दाखव, आणि पावरीत, आपल्या लोकांच्या बोलीत वाच. मराठीत वाचलास तर माना हलतील, प्रश्न येणार नाहीत. तुझं नाव विश्वस्तांत गेलं असेल, तर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत फेरफार अर्ज द्यावा लागतो, तो वकिलावर सोडून विसरू नकोस.

एक गोष्ट मनाला फार लागते. पन्नाशी-साठीतले आपले सुवार्तिक डोंगर चढून गुडघे झिजवून बसलेत आणि म्हातारपणासाठी त्यांच्या नावावर छदाम नाही. आपण त्यागावर उपदेश ऐकवतो आणि तो त्याग त्यांच्याच खिशातून करवून घेतो. बजेटमध्ये प्रत्येकाच्या नावाने पीपीएफची ओळ घाल, सुरुवातीला रक्कम लहान असली तरी चालेल. जीपचा वाद लांबला तर लांबू दे, ही ओळ मात्र पहिल्याच सभेत मंजूर करून घे.

एप्रिलपासूनची कीर्द आणि बँकेचं पासबुक घेऊन नंदुरबारला ये. येताना पावतीपुस्तकांच्या जुन्या स्थळप्रतीही आण, त्या जुळवायला रात्र लागेल. मुक्कामाच्या तयारीनेच ये. वहिनींना सलाम, पोरांना गोड पापा.

तुझाच,
नंदुरबारचा जुना खजिनदार