कोरडा म्हणून विकलेला फ्लोट आणि अकरा बादल्या पाणी

दि. 12 जानेवारी 2026

प्रति,
व्यवस्थापक,
जुन्या बोटींची विक्री व ग्राहक सेवा

विषय: ट्रायमरानच्या तपासणी अहवालातील चुकीच्या नोंदी व दुरुस्तीच्या खर्चाची भरपाई

महोदय,

मी जयगडच्या खाडीकाठी राहतो. आंब्याचा धंदा आहे. तुमच्याकडून घेतलेली 27 फुटी घडीची ट्रायमरान (मधला मोठा सांगाडा आणि दोन्ही बाजूंना फ्लोट, म्हणजे पोकळ लहान सांगाडे, असलेली शिडाची बोट) 18 नोव्हेंबरला माझ्या ताब्यात आली. किंमत 14 लाख 50 हजार, म्हणजे माझ्या तीन हंगामांची शिल्लक. शिडाची बोट मी आयुष्यात पहिल्यांदाच घेतली. हे तुमच्या माणसाला मी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, आणि मला यातलं कळत नाही म्हणूनच तपासणीचे 25 हजार वेगळे मोजले होते.

बोट जुनी आहे ही माझी तक्रार नाही. जुनी म्हणूनच परवडली. शिडं फिकी आहेत, जाळ्या उसवल्या आहेत, आउटबोर्ड इंजिन सकाळी चार झटके मागतं. यातलं काहीच तुम्ही लपवलं नव्हतं. बुडातून खाली उतरणारा मधला बोर्ड वर घेतला की ती दीड-दोन फूट पाण्यातसुद्धा चालते, हेही खरं निघालं. ओहोटीला आमच्या वाळूच्या पट्ट्यांवरून जाता यावं म्हणूनच मी ट्रायमरान निवडली.

बोट पाण्यात उतरवली त्या दिवसापासून ती किंचित डावीकडे कललेली होती. तुमचा माणूस म्हणाला, बॅटरी त्या बाजूला आहे. बॅटरी मधल्या सांगाड्यात जिन्याखाली आहे, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

30 नोव्हेंबरला दुपारी मी, माझा मेहुणा आणि शेजारचे तांडेल काका असे तिघे खाडीबाहेर पडलो. तांडेल काकांनी बोट पाहून आधीच शेरा मारला होता, "एक उलांडी पुरत नाही म्हणून हिला दोन लावल्यात." उलांडी म्हणजे आमच्या होडीचा तोल धरणारं बाजूचं लाकूड. वारा नेहमीचा दुपारचा, वायव्येचा, काही जोराचा नव्हता. आम्ही गणपतीपुळ्याच्या दिशेला वळलो. वारा उजवीकडून, म्हणून सगळा भार डाव्या फ्लोटवर. पाचच मिनिटांत त्याचं नाक पाण्याखाली गेलं आणि वर येईना. काकांनी न विचारता शिडाचा दोर सोडला. परत फिरलो तेव्हा वारा डावीकडून आला, भार उजव्या फ्लोटवर गेला, आणि तीच बोट मुकाट सरळ चालली. काका एवढंच म्हणाले, "डावी प्यायलीय."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला बोट वाळूवर बसवून फ्लोटचं झाकण उघडायला घेतलं. तुमच्या अहवालात लिहिलं आहे, "दोन्ही फ्लोटची झाकणे उघडून पाहिली, आत कोरडे." डाव्या झाकणाच्या आठही स्क्रूंच्या खाचा रंगाने भरलेल्या होत्या. रंग कडांवरून अखंड गेलेला, कुठे साधा ओरखडा नाही. पेचकस बसायला जागा नव्हती. मिस्त्रीने पटाशीने रंग खरवडला तेव्हा कुठे एकेक स्क्रू हलला. ते झाकण रंग दिल्यापासून कोणीच उघडलेलं नाही, मग तुमच्या तपासनीसाने आत बघितलं कुठून? खरवडण्याआधीचे फोटो सोबत आहेत.

आतून 15 लिटरच्या अकरा बादल्या पाणी निघालं. म्हणजे 165 किलो वजन, तेही बोट कलंडली की पुढे धावणारं. काकांनी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकले: गोडं! समुद्राचं असतं तर मी गप्प बसलो असतो, कुठे खडकाला लागली असेल, माझीच चूक असेल असं समजून. पण हे पावसाचं पाणी आहे. करारात लिहिल्याप्रमाणे बोट मे महिन्यापासून तुमच्या आवारात उघड्यावर होती. फ्लोट मधल्या सांगाड्याला जोडणाऱ्या बीमच्या बोल्टाशी डेकला केसाएवढी चीर आहे, तिथून चार महिने पाऊस आत गेला. आमच्याकडे गळकी होडीसुद्धा मिरगाआधी झापांनी शाकारतात. त्या पाण्याची बाटली बंद करून, तारीख घालून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवली आहे.

नुकसान पाणी काढून संपलेलं नाही. या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये फोम असतो. त्यात पाणी मुरलं की थर सुटतात. रुपयाच्या नाण्याने ठोकत गेलो तर मागे खणखणीत आवाज, आणि झाकणापासून त्या चिरेपर्यंत दोन हात जागेत पिकल्या फणसासारखा बद्द. हे करायला मला दहा मिनिटं लागली, आणि मी आंबेवाला आहे. वाशीला माझी पेटी गेली तर घेणारा वरचा थर उचलून खालचा बघतो, मगच बोली लावतो. तुम्ही 25 हजार घेऊन वरचा थरही उचलला नाहीत.

डोलकाठीच्या तारांबद्दलही "नुकत्याच बदललेल्या" अशी नोंद आहे. तुम्हीच दिलेल्या फाइलमध्ये त्या तारांचं बिल 2009 चं आहे. एका तारेच्या लड्या तुटून हाताला टोचतात.

आणखी एक, यात पैसे मागत नाही. तुमच्या विक्रेत्याने मला सांगितलं होतं, "तीन सांगाडे आहेत, उलटूच शकत नाही." ट्रायमरानच्या बुडाला बोट सरळ करणारा वजनाचा कील नसतो. ती सहसा बुडत नाही, पण एकदा पालथी झाली की आपणहून सरळ होत नाही, पालथीच तरंगत राहते. नवख्या माणसाला हे आधी सांगायला हवं. त्या भरवशावर मी पुढच्या खेपेला मुलांना नेणार होतो.

8 डिसेंबरच्या ईमेलला तुमचं उत्तर आलं की विक्री "आहे त्या स्थितीत" होती. ती अट बोटीला लागू असेल. तपासणी ही वेगळी पावती देऊन विकलेली सेवा आहे, आणि ती केलीच नाही. माझी मागणी अशी: तपासणीचे 25 हजार परत, फ्लोटच्या दुरुस्तीचे 2 लाख 35 हजार आणि नव्या तारांचे 90 हजार, एकूण 3 लाख 50 हजार. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली रत्नागिरीच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथे ती करता येते, त्यामुळे खेपा तुम्हाला पडतील.

घाई अशासाठी की मार्चमध्ये आंबा सुरू झाला की मला बोटीकडे बघायला वेळ नसतो, आणि मेअखेर तर बोट वर ओढायची वेळ येते.

तपासायला माणूस पाठवणार असाल तर ओहोटी बघून पाठवा, भरतीला बोटीपर्यंत गुडघाभर पाणी असतं. झाकण उघडंच ठेवलं आहे, पेचकस आणायची गरज नाही.

आपला,
बोटीचा खरेदीदार
जयगड, जि. रत्नागिरी

सोबत: तपासणी अहवाल व पावती, तारांचं 2009 चं बिल, झाकणाचे सहा फोटो, मिस्त्रींचं अंदाजपत्रक. पाण्याची बाटली माझ्याकडेच राहील.