हात पुढे करण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझा निरोप मिळाला. "अजून नाचतोस का रे?" एवढंच विचारलंस, आणि त्याला उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. हो म्हटलं की त्या संध्याकाळचा विषय निघणार, आणि तो मी चार वर्षं टाळत आलोय.

आपल्या लिंडी हॉपच्या, म्हणजे स्विंग या जॅझ संगीतावरच्या जोडीनाचाच्या वर्गात तुझा सहावाच तास होता. शिक्षिकेने लीड, म्हणजे नाच पुढे नेणारे, आणि फॉलो, म्हणजे त्यांच्या इशाऱ्यावर नाचणारे, अशा दोन रांगा करायला सांगितल्या आणि तू सरळ जाऊन फॉलोच्या रांगेत उभा राहिलास. आपल्यातला सगळ्यात जुना गडी तिथूनच ओरडला, "अरे, ती बायकांची रांग आहे!" हॉलभर हशा पिकला. मीही हसलो. तू मुकाट्याने रांग बदललीस, तास पुरा केलास आणि पुढच्या आठवड्यापासून आला नाहीस. कामात असेल, म्हणून मी मनाची समजूत काढली. ते खोटं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. त्या हसण्याबद्दल आज तुझी माफी मागतो. फार उशिरा मागतोय, तरी मागतो.

आता तू विचारलंच आहेस तर इथलं सगळं सांगतो. ग्रुप तोच आहे, नाचही तोच, लिंडी हॉप. माणसं मात्र बरीच बदलली, आणि काही तीच राहून बदलली.

दाराशी वही घेऊन बसणाऱ्या ताई तुला आठवत असतील. गुडघ्यामुळे त्या फार नाचत नाहीत. तेव्हा मला वाटायचं, त्या पैसे गोळा करायला बसतात. खरं तर त्या खुर्च्यांवर लक्ष ठेवून असतात. सलग दोन गाणी कोणी भिंतीशी बसून राहिलं की त्या आमच्यापैकी कोणाला तरी नुसत्या नजरेने खुणावतात. एकदा एक मुलगी आली होती. बॅग मांडीवर, तिचा पट्टा मनगटाला तीनदा गुंडाळलेला. कोणी विचारलंच तर उठता येऊ नये अशीच जणू तयारी. ताईंनी मला पाठवलं. मी विचारलं, ती म्हणाली, "मला काही येत नाही." मी म्हटलं, नुसतं तालावर चालू. तिने पट्टा सोडवायला घेतला, आणि तो सोडवेपर्यंत अर्धं गाणं संपलं. उरलेलं अर्धं गाणं आम्ही खरोखर नुसते चाललो. आज ती नवशिक्यांच्या तासाला मदत करते. त्या दिवशी मी एकटा असतो तर तिच्याकडे गेलो नसतो, हे तुला प्रामाणिकपणे सांगतो. मी जिच्यासोबत नाच झकास जमतो अशीच जोडीदार शोधत फिरलो असतो. ग्रुप टिकतो तो अशा ताईंमुळे. शिक्षक चांगले असले की लोक येतात. आलेले राहतात ते मात्र कोणीतरी त्यांच्याकडे पाहिलं म्हणून.

दुसरी गोष्ट तुझ्याशीच जोडलेली आहे. दोन वर्षांपूर्वी शिक्षिकेने जाहीर केलं की दर महिन्यातला एक तास प्रत्येकाने उलट्या भूमिकेत करायचा. आता रांगेला ती "बायका" किंवा "पुरुष" म्हणत नाही, कोणालाच म्हणू देत नाही. पहिल्यांदा फॉलो करायला उभा राहिलो तेव्हा मला तू आठवलास. स्विंगआउट, आपली ती मुख्य स्टेप, आठ मोजांची, तुला ठाऊकच आहे. पाचव्या मोजाला समोरचा तुला मोकळं सोडतो आणि तू हाताच्या ताणावर बाहेर जातोस. त्या क्षणी माझ्या जोडीदाराचा अंगठा माझ्या बोटांच्या पेरांवर असा काही रुतला की कळ थेट कोपरापर्यंत गेली. त्याला पत्ताच नव्हता. मग लक्षात आलं, मीही हेच करत असणार. तासानंतर तिघी-चौघींना विचारलं. तिघींनी हसून विषय टाळला. चौथी म्हणाली, "हो, दुखतं. इतकी वर्षं दुखतंय." कोणी बोललं नव्हतं, कारण मी जुना होतो आणि जुन्यांना सांगायची पद्धत नव्हती. त्यानंतर सहा महिने मी अंगठा वर उचलून नाचलो, नुसत्या वाकवलेल्या बोटांवर. तुला जे शिकायचं होतं ते पहिल्या वर्षीच शिकलो असतो तर इतक्या जणींचे हात दुखले नसते.

या नाचाचा इतिहासही आता तासात सांगितला जातो. आपल्या वेळी नुसत्या स्टेप शिकवायचे, आठवतं? न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर १९२६ च्या मार्चमध्ये सॅव्हॉय बॉलरूम हे नाचघर उघडलं. त्याच काळात, त्याच वस्तीतल्या कॉटन क्लबमध्ये मंचावर कृष्णवर्णीय कलाकार आणि प्रेक्षकांत फक्त गोरे अशी रीत होती. सॅव्हॉयच्या फरशीवर मात्र गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र नाचत. बँडसाठी दोन मंच होते; एक थांबला की दुसरा सुरू, संगीत तुटायचं नाही. लिंडी हॉप तिथे वाढला, कृष्णवर्णीय तरुण पोरापोरींनी वाढवला. हे न सांगता तो शिकवणं मला आता उचलेगिरी वाटते. पण तिथे सगळंच समतेचं होतं असंही मी म्हणणार नाही. तिथला एक कोपरा पट्टीच्या नर्तकांसाठी राखीव असे आणि कोणीही उठून तिथे नाचायला जाऊ शकत नसे. म्हणजे मान आणि उतरंड तिथेही होतीच. तो हॉल १९५८ साली बंद झाला.

तिथलेच नर्तक फ्रँकी मॅनिंग. जन्म १९१४ चा. १९३५ च्या सुमारास जोडीदाराला हवेत उचलून पलटवण्याची पहिली करामत त्यांनी आणि फ्रीडा वॉशिंग्टनने लिंडीत आणली. मग महायुद्ध आलं, संगीताची आवड बदलली, आणि त्यांनी तीस वर्षांहून जास्त काळ टपाल खात्यात नोकरी केली. १९८६ साली कॅलिफोर्नियाचे दोन नर्तक त्यांचा माग काढत गेले आणि शिकवा म्हणून त्यांच्या मागे लागले. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यानंतर ते जगभर फिरून शिकवत राहिले, आणि २००९ साली पंचाण्णवाव्या वाढदिवसाला महिना उरलेला असताना गेले. ते जोडीदारापुढे वाकून अभिवादन करायचे आणि विद्यार्थ्यांनाही करायला लावायचे. त्यांची जुनी चित्रफीत आमच्या तासात दाखवतात तेव्हा मी पायांपेक्षा ते वाकणंच बघत राहतो. इतका मोठा माणूस, आणि हात पुढे करण्याआधी मान लववतोय.

आता नको असलेलाही भाग लिहितो, नाहीतर पत्र अर्धवट राहील. आमच्यात एक जण होता, तू गेल्यानंतर आलेला. नाचायचा सुंदर. पण न विचारता समोरच्याला खाली झुकवायचा, पाठीवरचा हात नको तिथे सरकवायचा. दोघींनी सांगितलं. त्यावर आमच्यातल्याच काहींचं म्हणणं, "अरे, तो तसाच आहे, मनाने वाईट नाही." २०१५ साली एका नामांकित शिक्षकावर गंभीर आरोप झाले आणि जगभरच्या स्विंग मंडळींनी लेखी आचारसंहिता करायला घेतल्या. आमच्याकडेही तसा कागद होता, भिंतीवर, चौकटीत. तो कोणी वाचलेला नव्हता. आमच्यातल्या त्या माणसाशी आम्ही दोनदा बोललो, आणि शेवटी येऊ नकोस म्हणून सांगितलं. या सगळ्याला आठ महिने लागले. आठ आठवडेसुद्धा जास्त झाले असते. त्या मधल्या काळात त्या दोघींपैकी एक कायमची गेली, आणि ती तुझ्यासारखीच काही न बोलता गेली. तो गेल्यावर त्याचे पाच-सहा मित्रही गेले. महिनाभर फरशी ओकीबोकी दिसायची. आता दर संध्याकाळी दोघं जण ठरलेले असतात, कोणीही त्यांच्याकडे जाऊन बोलावं. नवीन आलेल्याला पहिल्याच तासाला सांगतात की नाचायला नाही म्हणता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि ऐकणाऱ्याने "बरं" म्हणून पुढे जायचं. तुला हे साधं वाटेल. पहिल्यांदा "नाही" ऐकून हसतमुखाने वळायला मला फार जड गेलं होतं.

आणि तो जुना गडी? तो अजून येतो. नव्या भूमिकांचं त्याला पटलेलं नाही. तोंड मात्र मिटून असतो. सगळ्यांच्या आधी येऊन फरशी तोच पुसतो, गाण्यांची लय मोजून नव्या डीजेला यादी लावायला तोच शिकवतो. धक्का लागून कोणी पडलं की बर्फाची पिशवी घेऊन पहिला तोच धावतो. गेल्या महिन्यात मी त्याला तुझ्याबद्दल सांगितलं. त्या संध्याकाळचं त्याला काहीच आठवत नव्हतं. तो बराच वेळ गप्प बसला, मग तुझं नाव विचारलं. मी सांगितलं. बादली उचलून तो आत गेला. यापुढे काही घडलं नाही, आणि घडलं असं सांगून मी तुला खूश करणार नाही.

नवी तुकडी पुढच्या गुरुवारी सुरू होतेय. वेळ तीच, हॉल तोच. चामडी तळाचे बूट असतील तर आण, रबरी तळ वळताना अडकतो आणि गुडघ्यावर ताण येतो. एक जास्तीचा शर्टही ठेव. यावेळी मी पूर्ण महिना फॉलोसाठी नाव दिलंय. रांगेत माझ्या डाव्या बाजूची जागा मोकळी आहे. यावंसं वाटलं तर ये. नाही म्हणालास तर कारण विचारणार नाही, पण पत्राचं उत्तर तेवढं पाठव.

तुझाच,
जुना जोडीदार